शेवटचा नमुना मे महिन्यातला हवा

आमच्या बडोद्यात मुलगी भूशास्त्र शिकते म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे दगड गोळा करणार का गं?" खरं तर मी पाणी गोळा करते. महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एमएस्सी झाल्यावर भूजल तपासणाऱ्या एका कंपनीत लागले. माझं पहिलं मोठं काम होतं शहराबाहेरचा बंद पडलेला तेलडेपो.

टाक्या काढून झाल्या होत्या, खालची तेलकट मातीही उचलली होती. उरल्या होत्या सात निरीक्षण विहिरी. या विहिरी म्हणजे जमिनीत उतरवलेले पीव्हीसी पाइप, खालच्या भागात बारीक चिरा पाडलेले. दर तीन महिन्यांनी त्यांतलं पाणी तपासायचं आणि आकडे मर्यादेखाली टिकले की काम बंद करायचं, असं ठरलेलं.

नमुना घेण्यात खरी कसोटी लागते ती ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीशी. ती काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण बेन्झिन त्या हवेत उडून जातं आणि आकडा खोटाच कमी येतो. पेट्रोलमधलं हे बेन्झिन कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. नाकाला वास येईपर्यंत ती कितीतरी पटींनी ओलांडलेली असते.

डेपोच्या भिंतीपलीकडे एका मासींचं घर. त्यांची विहीर आमच्या चौथ्या पाइपापासून जेमतेम पन्नास पावलांवर. प्रत्येक खेपेला त्या मला चहा द्यायच्या, टँकरच्या पाण्याचा, आणि विचारायच्या, "बेटा, हवे कूवानुं पाणी पिवाय?"

दिवाळीनंतरच्या फेरीत सातही विहिरींचे आकडे मर्यादेखाली आले. ऑफिसात सगळे खूश, मीही. त्या आनंदात मासींना सांगून टाकलं, "बहुतेक आता हरकत नाही." त्यांनी त्याच आठवड्यात विहिरीचा गाळ काढायला माणूस बोलावला.

आमचे सर मात्र अहवालावर सही करेनात. म्हणाले, "मे महिन्याचा आकडा येऊ दे." मला तो हट्ट वाटला.

मे महिन्यात चौथ्या विहिरीतलं बेन्झिन पुन्हा मर्यादेवर गेलं.

कारण साधं होतं. तेल पाण्यावर तरंगतं. आमटी संपत जाते तशी तिच्यावरची तर्री पातेल्याच्या कडांना चिकटत खाली उतरते ना, तसंच उन्हाळ्यात भूजल खाली जाताना तेल वाळूच्या कणांना चिकटत खाली सरकतं. पावसाळ्यानंतर पाणी चढतं, ते तेल वाळूतच अडकून पाण्याखाली जातं, वरून पावसाचं ताजं पाणी मिसळतं आणि आकडे सुधारल्यासारखे दिसतात. पाणी पुन्हा उतरलं की अडकलेलं तेल सुटतं. मी एका ऋतूचा आकडा पाहून बोलले होते.

मासींकडे जायला पाय उचलत नव्हते. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "बरं झालं, अजून प्यायलो नव्हतो." ते वाक्य मला अजून टोचतं.

पुढे आणखी दोन उन्हाळे मोजणी चालली. त्या काळात काम केलं मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी. तेल हेच त्यांचं अन्न. ते खाताना ते पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, लोह, सल्फेट. त्यामुळे आम्ही बेन्झिनबरोबर यांचीही नोंद ठेवत होतो. तेल नुसतं पुढे वाहून जात नाही, खरंच संपतंय, याचा तो पुरावा. दोन्ही मे महिने मर्यादेखाली गेले तेव्हा सरांनी सही केली.

शेवटच्या दिवशी सातही पाइप बेंटोनाइट माती आणि सिमेंटने तळापासून वरपर्यंत भरले. उघडा सोडलेला पाइप म्हणजे वरच्या घाणीला खाली जायची थेट वाट.

मासींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मी नीट उत्तर दिलं. "तेलाची भीती आता नाही. पण आम्ही फक्त तेल तपासलंय. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड यांची तपासणी वेगळी करून घ्या, मगच प्या." त्यांनी माझ्याकडूनच बाटली भरून घेतली.

तुमच्या घराजवळ जुना पेट्रोलपंप किंवा डेपो असेल आणि कोणी म्हणालं की पाणी स्वच्छ आहे, तर दोन गोष्टी जरूर विचारा: काय काय तपासलं, आणि कोणत्या महिन्यात?