बोटांनी तपासणी, वीस वर्षांचा हिशेब

१९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. मशीन नव्हतं, बोटांनी गाठ चाचपायची.

वीस वर्षांनी दिसलं, की तपासणी झालेल्या वस्त्यांत, बाकीच्यांच्या तुलनेत, पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. त्याआधीच्या वयात असा फरक आढळला नाही.

मशीनने होणारी तपासणी म्हणजे मॅमोग्राम, कमी मात्रेचा एक्स-रे. स्तन काही सेकंद दाबला जातो, थोडं दुखतं. पण हाताला न लागणारी गाठही दिसू शकते. तरुणपणी स्तन दाट असल्याने चित्र तितकं स्पष्ट येत नाही.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर लगेच डॉक्टरांना दाखवावं.