बुडालेले रान, माशांचे पाळणाघर

पूर म्हटला की आपल्याला नुकसानच आठवते. पण नदीतल्या माशांना पूर हवा असतो. का बरे?

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीकाठची जंगले दरवर्षी कित्येक महिने पाण्यात उभी असतात. काही ठिकाणी पाणी दहा मीटरांहून अधिक चढते. तेव्हा तांबाकी नावाचा मासा झाडांच्या बुंध्यांमधून पोहत रबराच्या झाडाच्या गळलेल्या बिया भक्कम दातांनी फोडून खातो. इतर फळांच्या काही बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडून रुजतात. जंगल माशाला पोसते आणि मासा जंगल पेरतो!

आपल्या गोदावरीकाठी असे जंगल नाही. पण तत्त्व तेच. पावसाळ्यात पाणी पात्राबाहेर पडून बाभळी, गवत, झुडपे यांत शिरते. बुडालेला पाला कुजतो. त्यावर जिवाणू, जिवाणूंवर सूक्ष्म प्राणी आणि त्यांच्यावर माशांची पिल्ले वाढतात. झुडपांत त्यांना मोठ्या माशांपासून आडोसाही मिळतो. म्हणूनच अनेक मासे अंडी घालायला पुराच्या पाण्यातून वर येतात. हेच ‘चढणीचे मासे’.

रोहू, कटला हे मासेही तळ्याच्या साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांना अंडी घालायला लावले. मात्र ही सोय मोजक्याच जातींना मिळाली; बाकीच्यांची मदार पुरावरच आहे.

पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या भिंतीने खालच्या माशांची वर जाण्याची वाट अडली. मात्र नाथसागराचे पाणी अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) नेवासे, शेवगाव तालुक्यांतही पसरते. पाणी ओसरले, की उघड्या जमिनीवर शेतकरी ‘गाळपेर’ करतात. पाणी चढले, की तीच धसकटे व गवत बुडून पिल्लांच्या अन्नाची सोय होते.

तेव्हा काठची झाडेझुडपे तोडणे म्हणजे माशांचे पाळणाघर मोडणे होय. आणि चढणीच्या वेळी धरलेल्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी असू शकतात!

करून पाहा : बरणीत तळ्याचे पाणी घेऊन मूठभर वाळलेले गवत टाका. पाच-सहा दिवसांनी त्यातला एक थेंब शाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली धरा. जे वळवळताना दिसेल, तेच माशांच्या पिल्लांचे पहिले जेवण!