स्टेंटनंतरचे हृदय : प्रतिमांतून मिळणारी पूर्वसूचना

बडोद्याच्या हरणीसारख्या वस्तीतील मराठी घरांनाही ‘स्टेंट’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. १९७७ साली झुरिक येथे डॉ. ग्रुन्टझिग यांनी हृदयाची रोहिणी प्रथम फुग्याने रुंद केली. १९८६ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे तीत जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात आला. केंद्र शासनाने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातल्याने हा उपचार अधिक लोकांच्या आवाक्यात आला.

तथापि, रोहिणी मोकळी झाली म्हणजे हृदय पूर्ववत झाले, हा समज बरोबर नाही. पुढे दोन प्रकारचे धोके संभवतात. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणे किंवा तो पुन्हा अरुंद होणे, हा पहिला. झटक्यात दुबळा झालेला हृदयस्नायू थकणे वा ठोके अनियमित होणे, हा दुसरा. या दोहोंची चाहूल हृदयाच्या प्रतिमांवरून आधीच लागू शकते.

स्टेंट बसविताना रोहिणीत सूक्ष्म नळी सरकवून ध्वनिलहरींनी वा प्रकाशकिरणांनी आतील चित्र घेता येते. स्टेंट पुरता उमललेला नाही, भिंतीला नीट टेकलेला नाही किंवा कडेला चीर पडली आहे, हे त्यात दिसते. असे दोष पुढील गुठळीचे कारण ठरू शकतात. वेळीच दिसल्यास त्यांवर तेथेच इलाज करता येतो.

हृदयाची शक्ती जोखण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे ‘टू-डी एको’. प्रत्येक ठोक्यास डाव्या जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, हे त्यावरून कळते. सामान्यतः हे प्रमाण ५५ टक्के वा अधिक असते. झटक्यानंतर घरी जाताना ते ४० टक्के किंवा कमी असल्यास ६ ते १२ आठवड्यांनी एको पुन्हा करणे आवश्यक असते. काही रुग्णांत चुंबकीय प्रतिमाही काढतात. मुख्य रोहिणी मोकळी असूनही स्नायूतील सूक्ष्म वाहिन्या बंद राहिल्या आहेत काय आणि स्नायूचा किती भाग मृत झाला, हे तीत दिसते.

अर्थात प्रतिमा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. ती धोका कमी की अधिक, एवढेच सांगते. त्यावरून औषधे व तपासण्या ठरतात. त्रास नसलेल्या प्रत्येकाने पुन्हा अँजिओग्राफी करण्याची गरज नसते.

रुग्णांनी एकोचा अहवाल जपून ठेवावा व प्रत्येक भेटीत दाखवावा. गुठळी रोखणाऱ्या गोळ्या बरे वाटते म्हणून, अथवा दात काढावयाचा म्हणून, हृदयतज्ज्ञास न विचारता बंद करू नयेत. छातीत दुखणे, धाप, पायांवर सूज वा भोवळ ही लक्षणे दिसल्यास पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. छातीतील दुखणे थांबत नसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत उपलब्ध आहे. स्टेंट रोहिणी उघडी करतो. ती उघडी राखण्याचे काम रुग्ण व त्याच्या कुटुंबीयांच्या दक्षतेवर अवलंबून असते.