कोलारच्या सुवर्णखाणींचे अवशेष

कर्नाटकातील कोलारच्या सुवर्णखाणींचा कारभार २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाला. जॉन टेलर आणि कंपनीने १८८० साली हाती घेतलेले उत्खनन, पुढे चॅम्पियन रीफ खाणीत तीन किलोमीटरांहूनही अधिक खोल पोहोचून, जगातील अत्यंत खोल उत्खननांमध्ये गणले गेले. त्या खोलीवर खडक असह्य तापलेला असे आणि प्रचंड दाबामुळे त्याचे अकस्मात स्फोट होत. तेथे राबलेल्या मजुरांच्या धैर्यापुढे मस्तक आपोआप नमते.

आज भूपृष्ठावर उरलेले पोलादी मनोरे, ज्यांच्या शिरावरील चाकांवरून दोर सोडून माणसांचे पिंजरे आणि खनिजाच्या बादल्या खालीवर केल्या जात, हेच या स्थळाचे खरे वैभव आहे. खाणीतील यंत्रांसाठी शिवनसमुद्रमची जलविद्युत १९०२ साली सुमारे दीडशे किलोमीटरांवरून आणली गेली. माझ्या मते ही योजना सोन्याहूनही विस्मयकारक होय. मराठी वाचकाला आवर्जून सांगावेसे वाटते की, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह याच भूगर्भात, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, १९६५ साली वातावरणातील न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांचा वेध घेतला.

उपसा थांबल्यामुळे खालचे बोगदे जलमय झाले आहेत, आणि कोंडलेल्या हवेत प्राणवायूचा भरवसा नाही. म्हणून जिज्ञासूंना कळकळीची विनंती: परवानगी घेऊन मनोरे बाहेरूनच पाहावेत, विवरात कदापि उतरू नये.