चढ आला की उतरायचंच का?

चढ दिसला की आपण बायका सायकलवरून उतरतो. कुणी पाहिलंच तर म्हणायचं, "तेवढेच पाय मोकळे होतात!" साताऱ्यात मीही वर्षानुवर्षं हेच केलं. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, इथे चढ टाळून जाणार कुठे? शेवटी पस्तिशी आली, गुडघे कुरकुरणारच, अशी मी मनाची समजूतही घालून टाकली.

पण दोष वयाचा नव्हता, सीटचा होता. सायकल घेतली त्या दिवशी दुकानदाराने न विचारताच सीट पार खाली केली. "ताई, पाय टेकलेले बरे." तुमच्याही सायकलचं असंच झालं असेल. सीट खाली असली की पाय पुरता लांबतच नाही, दुमडलेल्या गुडघ्यावर सगळा ताण येतो.

एकदा मुलाला सायकल घट्ट धरायला सांगा. सीटवर बसा, एक पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. होत नसेल तर सीट वर घ्या, मात्र एकदम नको, बोटबोटभर. सीटच्या दांडीवर खूण असते, ती बाहेर दिसेपर्यंत दांडी ओढू नका. चालवताना पेडलवर टाच नव्हे, चवडा ठेवायचा. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा. लेडीज सायकलला मधला आडवा दांडा नसल्याने हे सोपं जातं. सुरुवातीला भीती वाटते. मला चांगली आठ दिवस वाटली.

आता चढ. शंभर मीटर रस्ता पाच मीटर उंच चढत असेल, तर तुम्ही स्वतःला, सायकलला आणि बाजाराला दीड मजला वर नेत असता. तेव्हा दम लागला म्हणून लाजायचं कारण नाही. पायथ्याशी थोडा वेग घ्या, पण सगळा जोर तिथेच संपवू नका. पहिला अर्धा चढ "इतकं हळू कशाला?" वाटेल असाच चढायचा. एखादं वाक्य बोलता येईल इतपत श्वास उरला पाहिजे. हँडल आवळून धरू नका, त्याने खांदेच दुखतात. गिअरची सायकल असेल तर चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका; पेडलवर जोर असताना बदलला की चेन कटकट करते, कधी उतरतेही. नागमोडी चढणं सोपं खरं, पण रहदारीत मुळीच नको.

टायरमध्ये हवा कमी असली किंवा ब्रेकचं रबर रिमला घासत असलं तर या युक्त्यांचा काही उपयोग नाही, हे आधी पाहा. आणि सीट नीट करूनही गुडघा दुखतच राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

शाळेजवळचा शेवटचा टप्पा मी अजूनही उतरूनच चढते. सायकल डगमगायच्या आत उतरायचं, पेडल अडल्यावर नव्हे. वह्यांचा गठ्ठा मात्र आता कॅरिअरला बांधते. हँडलला अडकवला की चढावर सायकल डुलते.