हिमबिबट्याचा सीझन

लडाखात हिवाळा म्हणजे एके काळी पर्यटनाला टाळं. झोजिला बर्फाखाली, मनालीकडचा रस्ता बंद. लेह गाठायचं तर विमानानंच. १९८१ साली हेमिस राष्ट्रीय उद्यान झालं, तरी बाहेरची माणसं यायची ती उन्हाळ्यात, मारखा खोऱ्यातून ट्रेक करायला. रुंबक, उले इथली घरं थंडीत आपापल्या चुलीभोवती बसून असत.

आता फेब्रुवारीत तिथे खोली मिळवायला खटपट करावी लागते. पुण्या-मुंबईचे गटही हमखास दिसतात. कारण एकच, हिमबिबट्या. उंचावर बर्फ साचलं की भरल, म्हणजे डोंगरातल्या निळ्या मेंढ्या, चाऱ्यासाठी खाली सरकतात आणि तोही त्यांच्या मागोमाग येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याचा जोडी जमवण्याचा काळ. एरवी अंग चोरून राहणारा हा प्राणी तेव्हा जास्त फिरतो, खडकांवर गंधखुणा सोडतो, हाका देतो.

१९७३ मध्ये लेखक पीटर मॅथिसन प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांच्यासोबत नेपाळच्या डोल्पो भागात गेले होते. त्या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक जगभर गाजलं, पण हिमबिबट्या काही त्यांना दिसला नाही. आज आठवडाभराच्या रजेत तो पाहून परतणारे आहेत. हे श्रेय भारी लेन्सना देण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही.

खरा बदल मेंढरांच्या वाड्यात झाला. जुना वाडा दगडी, छप्पर अर्धवट उघडं. हिमबिबट्या वरून आत उतरला की बिथरलेल्या जनावरांमध्ये एकावर थांबत नसे. एका रात्रीत अख्खा कळप आडवा व्हायचा. सकाळी तोच आत सापडला, तर गाव त्याचा हिशेब चुकता करी. कोण दोष देणार? गिर्यारोहक रिंचेन वांगचुक आणि त्यांच्या ‘स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्ट’नं गावकऱ्यांसोबत साधा उपाय केला: वाड्यावर लाकडी वासे, त्यांवर तारेची जाळी, घट्ट बसणारं दार. जोडीला होमस्टे, तेही गावातल्या घरांनी पाळीपाळीनं चालवायचे. २००२ च्या सुमारास रुंबकमध्ये सुरुवात झाली. वांगचुक २०११ मध्ये गेले. पुढची गर्दी त्यांनी पाहिली नाही.

होमस्टेत रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. बुखारीपाशी थुक्पा ओरपायचा आणि बादलीतलं पाणी सकाळी फोडून घ्यायचं. दिवसभर स्पॉटिंग स्कोपला डोळा. सरावलेले स्थानिक ट्रॅकर आधी धारेची रेघ तपासतात, मग खडकाचा एकेक कप्पा. पाहुण्याला पहिली ओळखू येते ती बहुधा शेपटी. बाकी सगळा दगडच वाटतो. (तो दिसल्यावर आपोआप कुजबुजणारे आपले लोक ताडोब्यात का गप्प बसत नाहीत, कोण जाणे.)

२०१९ ते २०२३ या काळातल्या पहिल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज निघाला. त्यांतले ४७७ एकट्या लडाखात. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न मात्र वाढत चाललाय. वस्त्या, छावण्या आणि पर्यटकांच्या उष्ट्यावर पोसलेल्या त्यांच्या टोळ्या भर दिवसा कुरणात मेंढरं फाडतात, हिमबिबट्यालाही शिकारीवरून हुसकावतात. आणि कुरणावर काही जाळी घालता येत नाही.