चमत्कार पटतात, गोळीबार पटत नाही

गॅब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९६७) प्रथमच वाचणारा पिढ्यानपिढ्या येणाऱ्या त्याच त्या नावांनी गोंधळतो. चमत्कार मात्र आजीच्या गोष्टीतल्यासारखे सहज पटतात. खोटा वाटतो तो केळीबागांतील संपकरी मजुरांवरील गोळीबार. कादंबरीतील गावही तो घडलाच नाही, असे म्हणते. प्रत्यक्षात १९२८ मध्ये कोलंबियात असा गोळीबार झाला होता.

चिंचणीच्या वाचकाला हे परके वाटू नये. १९४५ च्या वारली उठावात याच पट्ट्यातील आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहून तो लढा विस्मरणातून वाचविला. मार्केझ यांनीही कादंबरीतून तेच केले.